ऑफिसच्या कार्पेटवरचे डाग दोन दिवसांनी परत का दिसतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळ्याला नवीनच हाउसकीपिंगचा व्यवसाय सुरू केलेल्या एकाला महापे एमआयडीसीतल्या एका ऑफिसचं कार्पेट साफ करायचं काम मिळालं. मोठा हॉल, सगळीकडे कार्पेट टाइल्स (सुट्या चौकोनी तुकड्यांचं कार्पेट), आणि आधीच्या भाडेकरूने कित्येक वर्षं वरवर व्हॅक्युम फिरवण्यापलीकडे काही केलेलं नाही. पॅन्ट्रीबाहेर चहाचे डाग, प्रिंटरजवळ काळं, पूजेच्या कोपऱ्यात हळद आणि लिफ्टच्या दारापासून आतपर्यंत गेलेला करडा पट्टा. यांनी सिंगल डिस्क मशीनला ब्रश लावून दोनदा शॅम्पू मारला. रविवारी संध्याकाळी कार्पेट छान दिसलं, मंगळवारी डाग जिथल्या तिथे, वर कोंदट वास. आता पार्टीने अर्धं बिल अडवून धरलंय, आणि केमिकलवाला दुकानदार म्हणतोय की याहून कडक माल घ्या. तर कुठला घ्यावा?

आत्ता तरी कुठलाच घेऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला डाग न निघण्याची अडचण दिसत नाही. रविवारी डाग गेला होता, हे तुम्हीच लिहिलंय. मंगळवारी तो परत आला. म्हणजे वरून गेला आणि आत राहिला. कडक केमिकलने वरचा भाग आणखी लवकर साफ होईल, आतलं तसंच राहील आणि तेही पुन्हा वर येईल. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत मी जी दुर्लक्षित कार्पेटं हाताळली आहेत, त्यातल्या बहुतेकांमध्ये मूळ डागापेक्षा त्यावर आधी कुणीतरी ओतून ठेवलेल्या साबणाचा त्रास जास्त होता.

आत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चहा सांडतो तेव्हा तो धाग्यांच्या टोकांवर थांबत नाही. खाली मुळापर्यंत, बॅकिंगपर्यंत म्हणजे मागच्या थरापर्यंत उतरतो, आणि टाइल असेल तर दोन टाइल्सच्या सांध्यातूनही आत जातो. आपण वरून ओलं करतो तेव्हा तळाशी सुकून बसलेला चहा पुन्हा विरघळतो. मग कार्पेट वाळायला लागतं. पाण्याची वाफ होते ती धाग्यांच्या टोकांवरून, त्यामुळे खालचं पाणी धाग्यांतून वर ओढलं जातं, समईतलं तेल वातीतून चढतं तसं. पाणी उडून जातं, त्याने सोबत आणलेला रंग आणि मळ टोकांवर राहतो. म्हणून डाग लगेच दिसत नाही, पूर्ण वाळल्यावर दिसतो. जितकं पाणी जास्त आणि वाळायला वेळ जास्त, तितका डाग ठळक.

यात शॅम्पूची भर पडते. सिंगल डिस्क मशीन घासतं, पण ओढून काही घेत नाही. जो साबण आत गेला तो आतच राहिला. साधा कार्पेट शॅम्पू, आणि त्याहून वाईट म्हणजे कपडे धुवायची पावडर, वाळल्यावर चिकट थर सोडते. त्या थरावर चपलांची धूळ बसते आणि आठवड्याभरात तो भाग आजूबाजूपेक्षा काळा दिसतो. लोकांना वाटतं जुना डाग परत आला. प्रत्यक्षात तो नवीन मळ असतो, आपण लावलेल्या चिकट जागेवर बसलेला.

तुमच्याकडे हे झालंय का, ते पाच मिनिटांत कळेल. पॅन्ट्रीसमोरची एक टाइल घ्या, तिच्यावर नुसतं कोमट पाणी फवाऱ्याने शिंपडा. केमिकल अजिबात नाही. मग हाताच्या ब्रशने गोल फिरवा. स्वच्छ कार्पेटवर पाणी पाण्यासारखंच राहतं. साबण साठला असेल तर ब्रशच्या कडेने पांढरट फेस जमायला लागतो, आणि बोटांत धागे चोळले की बुळबुळीत लागतात. काही ठिकाणी इतका फेस येतो की साबण न टाकता अख्खी टाइल धुऊन निघेल. असा फेस आला तर तुमचं पहिलं काम डाग काढणं नाही, साबण काढणं आहे. निम्मे डाग त्यातच जातात.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. कार्पेट कशाचं आहे हे कळल्याशिवाय कुणी तुम्हाला केमिकलचं नाव सांगत असेल तर ऐकू नका. आपल्याकडच्या ऑफिसांत मुख्यतः दोन प्रकार भेटतात, नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलिन. जुन्या डायरेक्टर केबिनमध्ये कधी लोकरीचंही असतं. ओळखायचं कसं? कपाटाखालची किंवा कोपऱ्यातली टाइल उचला आणि कडेचे दोन-तीन धागे कात्रीने कापून घ्या. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका म्हणजे धागे भिजतील, आणि धागे बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. वर येऊन तरंगले तर पॉलिप्रॉपिलिन, कारण ते पाण्यापेक्षा हलकं असतं. तळाशी गेले तर बहुतेक नायलॉन. खात्री करायची तर एक धागा चिमट्यात धरून पेटवा: पॉलिप्रॉपिलिनला मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो, लोकरीला केस जळल्याचा, आणि नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. पण हे काम इमारतीबाहेर करा. ऑफिसच्या आत काडी ओढलीत तर स्मोक डिटेक्टर वाजेल आणि सिक्युरिटीवाले तुमचा गेटपास काढून घेतील.

याचा उपयोग काय? पॉलिप्रॉपिलिन पाण्यातले रंग जवळजवळ पीत नाही, त्यामुळे चहा-कॉफी त्यातून सहज निघते, पण ते तेल घट्ट धरून ठेवतं. वडापावचा, समोशाचा तेलकट डाग तिथे जास्त छळतो. नायलॉनचं उलट. तेल सुटतं, पण सरबतातला, मिठाईतला रंग ते पक्का शोषून घेतं. लोकरीला कडक अल्कली (अ‍ॅसिडच्या उलट गुणाचा, सोड्यासारखा पदार्थ) आणि गरम पाणी दोन्ही चालत नाही. म्हणजे त्याच चहाच्या डागाला मी तीन कार्पेटांवर तीन वेगळ्या पद्धतींनी हात लावीन.

दुसरी गोष्ट जी तुम्ही लिहिलेली नाही, पण महाप्याचं ऑफिस म्हटल्यावर मी आधी विचारली असती: खाली रेज्ड फ्लोअर आहे का? ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी ऑफिसांत बरेचदा टाइलखाली दोन फुटी चौकोनी पॅनेल असतात, आणि त्याखालून वीज आणि नेटवर्कच्या केबल जातात. पायाने ठोकलं की पोकळ आवाज येतो. तसं असेल तर तिथे भरपूर पाणी वापरणं धोक्याचं आहे. सांध्यातून पाणी खाली गेलं की ते दिसत नाही, आणि सोमवारी सकाळी एखादी वर्कस्टेशनची रांगच बंद पडते. अशा ठिकाणी टाइल्स उचलून बाजूला धुवायच्या, नाहीतर कमी पाण्याची पद्धत वापरायची. फ्लोअर बॉक्सची (जमिनीतल्या प्लग-सॉकेटच्या खोक्यांची) झाकणं टेपने बंद केल्याशिवाय ओल्या कामाला हात लावू द्यायचा नाही, ही सूचना मुलांना लेखी द्या.

आता काम. सुरुवात कोरडी करायची. कार्पेटमधला बराचसा मळ कोरडी धूळ आणि बारीक वाळू असते, आणि ती ओली झाली की चिखल होतो. व्हॅक्युम करताना साधा चपटा नोझल पुरत नाही, खाली फिरता ब्रश असलेला हेड लागतो. हळू ओढा, एकाच पट्टीवर पुढे-मागे, आणि मग आडव्या दिशेने पुन्हा. मुलं हे काम उरकतात, कारण त्याने काही बदललेलं डोळ्यांना दिसत नाही. टाकी उघडून त्यांना आतली धूळ दाखवा, मग पटतं.

त्यानंतर साबण काढायचा. याला एक्स्ट्रॅक्शन मशीन लागतं, म्हणजे जे पाणी फवारतं आणि लगेच ओढूनही घेतं. तुमच्याकडे नसेल तर भाड्याने आणा. या एका कामासाठी सिंगल डिस्क चालणारच नाही. टाकीत शॅम्पू नाही, नुसतं कोमट पाणी आणि त्यात अगदी थोडं सायट्रिक अ‍ॅसिड. पीएच पट्ट्या (पाणी किती आंबट ते दाखवणाऱ्या) विकत घ्या, स्वस्त असतात, आणि पाणी ४ ते ५ च्या दरम्यान ठेवा. साबणाचा उरलेला अल्कलीपणा त्याने मरतो आणि चिकटपणा सुटतो. मळक्या पाण्याच्या टाकीत डीफोमर टाका, नाहीतर फेस थेट मोटरीत जाईल. एकदा पाणी सोडून ओढलंत की त्याच पट्टीवर पाणी न सोडता दोन-तीनदा नुसतं ओढा. हे कोरडे पास सगळ्यात महत्त्वाचे. लोक पाणी सोडायला उत्साही असतात आणि ओढायला कंटाळतात. मशीनच्या पारदर्शक नळीकडे लक्ष ठेवा: आधी दुधाळ पाणी येतं, मग करडं, आणि जवळजवळ स्वच्छ यायला लागलं की थांबा. पाणी टँकरचं असेल तर ते बहुधा बोअरचं आणि जड असतं, त्यात साबण फुटत नाही, थर बसतो. शक्यतो नळाचं पाणी मागून घ्या.

रेज्ड फ्लोअर असेल तर हे सगळं जागेवर करू नका. डागाळलेल्या टाइल्स उचला, मागे नंबर टाका, प्रत्येकीच्या मागे छापलेला बाण कुठल्या दिशेला होता तेही लिहून ठेवा, आणि गच्चीवर किंवा लोडिंग बेमध्ये नेऊन धुवा. बाण चुकला तर बसवल्यावर ती टाइल वेगळ्या रंगाची दिसते, आणि मग तुम्हीच ती बदलून टाकली असं पार्टीला वाटतं.

एवढं झाल्यावर कार्पेट पूर्ण वाळू द्या आणि मगच उरलेल्या डागांकडे वळा. ओल्या कार्पेटवर डागाचा अंदाज कधीच बरोबर येत नाही.

चहाबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे पॅन्ट्रीबाहेर नव्वद टक्के भांडण चहाचंच असतं. परदेशी बाटल्यांवर चहाच्या डागासाठी जे लिहिलेलं असतं ते काळ्या चहासाठी असतं. आपला चहा म्हणजे दूध, साखर आणि पत्तीचा अर्क असे तीन वेगळे डाग एकावर एक. दुधातली प्रथिनं आणि फॅट वर पांघरूण घालून बसतात. त्यावर थेट ब्लिचिंगचं औषध टाकलंत तर ते खालच्या रंगापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी एन्झाइमवालं स्पॉटर (डागावर लावायचं औषध) किंवा सौम्य डिटर्जंट कोमट पाण्यात घेऊन लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, आणि ओढून घ्यायचं. गरम पाणी या टप्प्यावर नको, दुधाचं प्रथिन त्याने शिजून बसतं. साखर साध्या पाण्याने निघते, पण निघाली पाहिजे. ती राहिली तर तिथे महिन्याभरात काळं वर्तुळ येतंच. मग उरतो तो तांबूस रंग, पत्तीतल्या टॅनिनचा. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये जे मिळतं ते साधारण ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घाला म्हणजे ३ टक्के होईल. आधी कपाटाखालच्या टाइलवर थोडं लावून, पांढऱ्या कपड्याने दाबून, रंग सुटत नाही ना ते बघा. लोकरीवर आणि ज्याचा रंग सुटतो अशा कार्पेटवर वापरू नका. डागावर फवारा, घासू नका, एक-दोन तास तसंच राहू द्या. पेरॉक्साइड सावकाश काम करतं. मुलं दहा मिनिटांत काही दिसलं नाही म्हणून आणखी ओततात, त्याची गरज नसते. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन ओढून घ्या.

तरीही ज्या डागाचा तळ खोल आहे तो वाळताना थोडा वर येणारच. त्यावर माझा उपाय साधा आहे. शेवटी डागाची जागा थोडी ओलसर असतानाच त्यावर पांढरा जाड टर्किश टॉवेल घडी घालून ठेवायचा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीवर झेरॉक्स पेपरच्या चार-पाच रिम. ऑफिसात तेवढं वजन कायम हाताशी असतं. रात्रभर तसंच. पाणी वर चढतं ते धाग्याच्या टोकावर न थांबता टॉवेलमध्ये जातं. सकाळी टॉवेल उलटा करून बघा: त्यावर डागाच्या आकाराचा पिवळट-तपकिरी ठसा उमटलेला असतो, कडेला गडद, मध्ये फिका. तो ठसा अ‍ॅडमिनच्या मॅडमना दाखवा. तुम्ही आतलं बाहेर काढताय हे सांगण्यापेक्षा तो टॉवेल जास्त बोलतो. ठसा फार गडद असेल तर दुसऱ्या रात्री पुन्हा.

हळद आणि पान या दोन डागांना परदेशी पुस्तकांत जागा नसते, म्हणून तेही सांगतो. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणून पूजेच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या डागावर कुणी पावडर किंवा अल्कलाइन क्लीनर टाकलं की तो लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. तसं झालं असेल तर सौम्य सायट्रिकचं पाणी मारा, परत पिवळा होईल. मग पेरॉक्साइड, आणि शक्य असेल तर ती टाइल काढून गच्चीवर उन्हात. हळदीचा रंग उन्हात तुटतो, हे आपल्या घरच्या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. फक्त डांबरी बॅकिंगची टाइल मे महिन्याच्या उन्हात सपाट ठेवा, कडेवर उभी करू नका, वाकते. पानाच्या पिचकारीत चुना आणि काथ दोन्ही असतात. चुना अल्कलाइन, म्हणून तिथेही सुरुवात सायट्रिकने, मग डिटर्जंट, मग पेरॉक्साइड. जुना काथ पूर्ण निघेल असं मी कोटेशनमध्ये कधी लिहीत नाही.

प्रिंटरजवळचं काळं टोनर असेल तर त्याला पाणी लावूच नका, गरम तर नाहीच. टोनर म्हणजे रंगीत प्लॅस्टिकची अतिशय बारीक भुकटी असते, ती उष्णतेने मऊ होऊन धाग्याला चिकटते. बारीक फिल्टर असलेल्या व्हॅक्युमने आधी कोरडी ओढा. साध्या व्हॅक्युममधून ती मागून हवेत परत येते. बॉलपेन आणि मार्करला आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढऱ्या कपड्यावर घेऊन टिपायचं, बाहेरून आत. कार्पेटवर ओतायचं नाही, कारण सॉल्व्हंट खाली गेलं तर बॅकिंगचा चिकटपणा सुटतो आणि टाइलचा थर वेगळा होतो. च्युइंगगमला बर्फ, कडक झालं की चमच्याच्या मागच्या बाजूने तोडून काढा.

लोखंडी कपाटाच्या पायाखालचा तांबूस डाग गंजाचा असतो आणि तो वेगळाच खेळ आहे. त्यावर पेरॉक्साइड किंवा ब्लिच मारू नका, त्याने गंज निघत नाही, उलट पक्का होऊ शकतो. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण चालतं, पण ते विषारी आहे. ग्लोव्हज आणि गॉगल घालून, फक्त जाणत्या माणसाने, आणि नंतर भरपूर धुऊन ओढून घ्या. उरलेली बाटली पॅन्ट्रीत विसरू नका.

आता तो करडा पट्टा, लिफ्टपासून आतपर्यंतचा. इथे मला तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. साबण आणि धूळ काढल्यावर तो बराच उजळेल, पण कदाचित पूर्ण जाणार नाही. चपलांखालच्या वाळूने धाग्याची टोकं वर्षानुवर्षं ओरखडली जातात. चकचकीत धागा खरखरीत झाला की प्रकाश वेगळा परतवतो, आणि स्वच्छ असूनही मळका दिसतो. ओळखायचं असेल तर एक धागा वरून थोडा कापून तो आणि कपाटाखालचा धागा मोबाइलच्या टॉर्चखाली शेजारी धरा. स्वच्छ धुतल्यावरही पट्ट्यातला धागा निस्तेज आणि पिंजलेला दिसला तर ती झीज आहे. झिजेला केमिकल नाही. तसंच दाराजवळ कधीकधी फिके, पांढुरके ठिपके असतात, कोविडच्या काळात हायपोक्लोराइट म्हणजे ब्लिचचं पाणी फवारलं त्याचे. तो डाग नाही, तिथला रंगच गेलेला आहे. भिंतीच्या कडेने किंवा दारांच्या खाली बारीक काळी रेघ असेल तर ती एसीच्या हवेबरोबर गाळून बसलेली काजळी असते. ती कमी होते, पूर्ण क्वचितच जाते.

हे असं असल्यामुळे दुकानदाराच्या कडक मालाबद्दल आधीच नाही म्हटलं. बाथरूमचं अ‍ॅसिड नायलॉन खातं आणि त्याच्या वाफेने टेबल-खुर्च्यांचे लोखंडी पाय गंजतात. ब्लिचने रंग जातो. आणि दोन्ही एकामागून एक टाकले तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद एसी हॉलमध्ये, रविवारी, तिथे तुमची दोन मुलं असतात आणि मदतीला कुणी नसतं. डाग राहिला तर राहिला, पण त्या खोलीत हे दोन डबे एकत्र नेऊ देऊ नका. त्यांना मास्क द्या, आणि बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा काय आहे ते. मुलं लेबल वाचत नाहीत असं नाही, इंग्रजी लेबल त्यांना वाचता येत नाही.

वास येतोय असं लिहिलंत, ते वाळवण्याचं काम आहे. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडे हवेत ओलावा इतका असतो की खिडक्या उघड्या ठेवून काही वाळत नाही, उलट ओलावा आत येतो. शनिवारी रात्री काम केलं आणि बिल्डिंगवाल्यांनी एसी बंद केला तर सोमवारपर्यंत कार्पेट ओलंच राहतं, आणि चोवीस-अठ्ठेचाळीस तास ओलं राहिलेल्या कार्पेटमध्ये बुरशीला वेळ मिळतो. म्हणून काम घेतानाच अ‍ॅडमिनकडून लेखी घ्या की रात्रभर एसी चालू राहील. जोडीला जमिनीलगत हवा मारणारे दोन-तीन ब्लोअर लावा. पावसाळ्यात मी ओलं काम शक्य तितकं टाळतो आणि एन्कॅप्सुलेशन वापरतो: कमी पाण्याचं केमिकल फवारून ब्रशने घोळवायचं, ते वाळलं की मळासकट त्याचे ठिसूळ कण होतात आणि दुसऱ्या दिवशी व्हॅक्युमने निघतात. एसी चालू असेल तर एक-दोन तासांत वाळतं. तळाचा डाग वर यायलाही यात फार वाव राहत नाही, कारण चढायला पाणीच पुरेसं नसतं. पण साबणाने भरलेल्या कार्पेटवर ते आधी मारू नका. पहिल्यांदा साबण काढा, मग पुढच्या दर तीन-चार महिन्यांची देखभाल एन्कॅप्सुलेशनने करा. पार्टीला वर्षाचा करार द्यायचा असेल तर तोच द्या.

म्हणजे तुमच्या ऑफिसात क्रम असा: फेसाची आणि धाग्याची चाचणी, रेज्ड फ्लोअर बघणं, नीट कोरडं व्हॅक्युम, साबण ओढून काढणं, पूर्ण वाळवणं, आणि त्यानंतर एकेका डागाला त्याचं औषध आणि रात्रभर टॉवेल.

बिलाचं बोलू. सगळ्या हॉलमध्ये पुन्हा फुकट काम करायला जाऊ नका. अ‍ॅडमिनच्या मॅडमना फोन करा आणि सांगा की पॅन्ट्रीसमोरच्या आठ-दहा टाइल्स तुम्ही या पद्धतीने करून दाखवणार आहात, आणि त्या तपासायच्या आहेत काम झाल्यावर तिसऱ्या दिवशी, त्याच संध्याकाळी नाही. हे स्वतःहून म्हणालात तर निम्मा राग तिथेच उतरतो, कारण त्यांनाही दोनदा असंच फसल्यासारखं वाटलंय. नमुना टिकला की उरलेल्या हॉलसाठी नवीन कोटेशन द्या. चौरस फुटाचा दर साफसफाईचा, डागांचं काम वेगळं. फेरफटका मारताना प्रत्येक डागाचा फोटो काढून त्यावर तीनपैकी एक शेरा लिहा: निघेल, फिका होईल, निघणार नाही. त्यावर त्यांची सही घ्या. मी हे केल्याशिवाय मशीन गाडीतून उतरवत नाही. डाग राहिल्याबद्दल पार्टी क्वचितच भांडते. आधी सांगितलं नव्हतं याबद्दल भांडते.

आणि जे निघणार नाही त्याचाही मार्ग आहे, कार्पेट टाइलचा तोच फायदा. बहुतेक ऑफिसांत काम झालं तेव्हा उरलेल्या टाइल्सचा एखादा खोका इलेक्ट्रिकल रूममध्ये किंवा एएचयू रूममध्ये (एसीचं मोठं यंत्र असतं त्या खोलीत) पडलेला असतो, विचारा. नवी टाइल सरळ हॉलच्या मधोमध बसवू नका, ती उठून दिसेल. कपाटाखालची, मीटिंग रूमच्या कोपऱ्यातली, थोडी वापरलेली टाइल काढून पुढे आणा आणि नवी त्या कोपऱ्यात टाका. पान किंवा रंग गेलेली टाइल कपाटाखाली जाऊ दे. या कामाला अर्धा दिवसही लागत नाही.

धागा तरंगला की बुडाला आणि ठोकल्यावर खालून पोकळ आवाज आला का, एवढं बघून सांगा. टाइलच्या मागच्या बाजूचा फोटो असेल तर आणखी बरं. मग कुठलं केमिकल आणि किती, हे मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.